ओलेगारिओचे आभार

गुरुवारी सकाळी सुल्मा वडिलांकडे गेली ती उभ्या उभ्याच. शाळेत तिचा तास होता आणि पायसांदू गावातला तो चढ सायकलने चढून आल्यामुळे डोकं आधीच तापलं होतं.

ओलेगारिओ फागुंदेस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी अंगात निळा सदरा तोच. समोर थर्मास, डाव्या हातात भोपळ्याचा पेला, पेल्यावर रेल्वेचा पितळी बिल्ला. पेल्यात येर्बा, म्हणजे वाळक्या पानांचा चुरा; त्यावर गरम पाणी सोडून माते हे कडू पेय नळीने ओढायचं. या येर्बाची चव केव्हाच उतरली होती. एकटे असले की एकदा भरलेली येर्बा ते दिवसभर पुरवत. नवी भरायची ती पाहुण्यासाठी. लेक काही पाहुणी नव्हे.

"या, बाईसाहेब," ते म्हणाले. "आमच्या पोटावर पाय द्यायचं पक्कं झालं ना तुमचं?"

"बाबा, आल्या आल्या सुरू नका करू."

महिन्याअखेरीस सार्वमत होतं. निवृत्तीचं वय पुन्हा साठ करायचं, सगळ्यात लहान पेन्शन किमान पगाराइतकी करायची आणि खाजगी पेन्शन फंड बंद करायचे, हो की नाही? गावातल्या निवृत्तांच्या संघटनेने रविवारी जाहीर चर्चा ठेवली होती आणि 'हो'च्या बाजूने अध्यक्ष म्हणून ओलेगारिओ बोलणार होते. सुल्मा 'नाही'वाली होती, आणि हे तिने कुणापासून लपवलं नव्हतं.

"माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी असतात," ती म्हणाली. "मुलंच नाहीत. उद्या कमावणार कोण आणि तुम्हा लोकांना देणार कोण?"

"माते कसा पितात? एक पेला, एक नळी, फिरवत राहायचं. आम्ही आमच्या आधीच्यांना भरून दिला, तुम्ही आम्हाला द्या. पेन्शन म्हणजे दुसरं काय असतं?"

"आणि थर्मास रिकामा झाला की? शेवटी बसलेल्याने नळी चावायची?"

ओलेगारिओ हसले. "पाणी संपलं तर उठून तापवायचं, पोरी. पेला फोडायचा नाही."

त्यांनी पेला भरून पुढे केला. सुल्माने तो ओढून संपवला, परत दिला आणि म्हणाली, "आभार."

माते पिणाऱ्यांत 'अजून हवं' असं कुणी म्हणत नाही. पेला मुकाट्याने परत दिला की तो भरून पुन्हा हातात येतो. बोलायचं ते एकदाच, शेवटी. 'आभार.' म्हणजे पुरे. पहिल्याच पेल्याला तो शब्द उच्चारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं.

"एवढ्यात?" ओलेगारिओंनी विचारलं.

"तास आहे. दुपारी काय जेवणार आहात?"

"काही नको. पोटात जड झालंय." ते डावा खांदा चोळत होते. "म्हातारं इंजिन आहे, कुरकुरणारच."

सुल्माने सायकल काढली. मागे वळून पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिनेच ते दार उघडलं, आणि ओलेगारिओ त्याच खुर्चीत होते.

शनिवारी दफन आटोपल्यावर ती घरी गेली नाही. बेकरीच्या माडीवर एक खोली होती, तिच्या दारावर 'निबिया तेचेरा, खाजगी तपास' अशी पाटी होती. तिथे जाऊन तिने चपलांचं एक खोकं टेबलावर ठेवलं.

निबिया तेचेराने उमेदीची वर्षं विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकण्यात घालवली होती. काटकुळी बाई, केस कापलेले, बोलणं मोजकं. पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिचा माते बंद केला होता. पायसांदूसारख्या गावात हे म्हणजे लग्नघरात उपास करण्यासारखं. तिच्या वाट्याचाही पिऊन घ्यायला वॉशिंग्टन होता. पोलिसातून निवृत्त झालेला हा अगडबंब शिपाई तिचा मदतनीस. स्वतःची ओळख तो एकाच वाक्यात करून देई: "नाव मोठं, पेन्शन छोटी."

"पोलीस काय म्हणाले?" निबियाने विचारलं.

"हृदय. म्हातारा माणूस, एकटा होता, गेला. डॉक्टरही तेच म्हणतात, आणि ते खरंच असेल. मी खुनाची तक्रार घेऊन आलेले नाही."

"मग?"

"बाबा एकटे नव्हते."

सुल्माने खोकं उघडलं. आत चिंध्यांच्या आधाराने उभा ठेवलेला पेला होता, नळी आणि येर्बासकट.

"मी गुरुवारी सकाळी गेले तेव्हा त्यांनी असा पेला दिला," तिने डावा हात पुढे केला, "आणि येर्बा पार उतरलेली होती. आता बघा. हिरवीगार. दोन-चार पेल्यांपलीकडे वापरलेली नाही. कुणीतरी आलं होतं, म्हणून नवी भरली गेली."

निबियाने पेला उचलला आणि बिल्ला स्वतःकडे केला. माते भरताना कोरड्या येर्बाचा डोंगर एका बाजूला रचतात आणि दुसऱ्या बाजूला नळी खोचून तिथेच पाणी सोडतात. या पेल्यातला डोंगर डावीकडे होता.

"वडील डावरे होते का हो?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"पेला कसा दिला ते मघाशी सांगताना तुमचा डावा हात पुढे आला. डोंगर कुठल्या बाजूला रचत?"

"बिल्ला आपल्याकडे धरला की उजवीकडे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत पेल्याला. आई हयात असताना तिलाही नाही."

निबियाने चिमट्याने येर्बातून काहीतरी उचललं. बारीक, पिवळी, वाळलेली फुलं.

"हे काय?" सुल्मा पुढे वाकली. "बाबा येर्बात काही घालत नसत. म्हणायचे, गवत गाईसाठी असतं."

वॉशिंग्टनने नाक खुपसलं. "कडसर वास आहे. थोडा मधासारखा."

"पेला दोन दिवस कुठे होता?"

"टेबलावरच. मीच कुणाला हलवू दिला नाही."

"मुंग्या?"

"घरभर आहेत. पण याच्याकडे एक फिरकली नाही."

"आणि वडील कसे बसले होते?"

"खुर्चीत. उजवा हात टेबलावर. डावा मांडीवर, कुणीतरी उचलून ठेवल्यासारखा. थर्मास टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला."

"ठीक. आता स्मशानात काय झालं ते सांगा. त्याशिवाय तुम्ही काळ्या कपड्यांत थेट इथे आला नसतात."

स्मशानात एल्बिओ रोसेल बोलले होते. संघटनेचे उपाध्यक्ष, ओलेगारिओंचे तरुणपणापासूनचे मित्र. सुल्माला त्यांचे शब्द पाठ झाले होते. 'गुरुवारी दुपारी आमचं फोनवर बोलणं झालं. मी म्हटलं, हट्टाने सगळंच घालवून बसण्यापेक्षा तडजोड करू, रविवारी तुझ्या जागी मी बोलतो. ओलेगारिओने माझे आभार मानले.' लोकांनी डोळे पुसले होते.

"मला दोन गोष्टी हव्या आहेत," सुल्मा म्हणाली. "बाबांच्या समोर कोण बसलं होतं, आणि ते माणूस त्यांना तसंच टाकून का गेलं? आणि बाबा शेवटी खरंच वाकले का? उद्या सभा आहे. माझं त्यांच्याशी पटत नव्हतं हे गावाला माहीत आहे. पण ते वाकले असतील तर ते मला कळायला हवं. आणि नसतील, तर गावाला."

"टेलिफोनवाल्यांकडून यादी मागवू?" वॉशिंग्टनने विचारलं.

"ती येईपर्यंत सार्वमत होऊन नवं सरकारही येईल. चला, पायी जाऊ."

रविवारी 'नाही'च्या बाजूने बोलायला राजधानीहून लुसिच नावाचा हिशेबतज्ज्ञ आला होता, एका खाजगी पेन्शन फंडाचा. हॉटेलच्या अंगणात तो काखेत थर्मास मारून माते ओढत बसला होता. वॉशिंग्टनने आशेने हात पुढे केला.

"माफ करा," लुसिच म्हणाला. "साथीच्या दिवसांपासून माझा पेला मी कुणाला देत नाही, आणि कुणाचा घेतही नाही."

"हा असा माते पिणार आणि आम्हाला एकमेकांवर भरवसा ठेवायला सांगणार," वॉशिंग्टन सुल्माच्या कानाशी पुटपुटला.

लुसिचने काही लपवलं नाही. "गेलो होतो ना गुरुवारी, दुपारच्या झोपा आटोपल्यावर. म्हटलं, सभेआधी एकदा भेटावं. त्यांनी उंबऱ्यावरच उभं ठेवलं. स्वतः ओढत होते, मला विचारलंदेखील नाही."

"काय ओढत होते?"

"माते, दुसरं काय? तोही नुसतं पिवळं पाणी."

"पेला कुठल्या हातात?"

लुसिचने डोळे मिटून आठवलं. "डाव्या. उजव्याने दार धरून होते, मी आत घुसेन की काय म्हणून." त्याने सुल्माकडे पाहिलं. "बाई, तुमच्या वडिलांशी माझं भांडण नव्हतं. आकडे क्रूर असतात, मी नाही. आणि संघटनेत समंजस माणसंही आहेत. अशांनी पुढे यावं, पेन्शनच्या वरच्या मंडळांवर बसावं, असं आम्हाला मनापासून वाटतं."

"अशांनी म्हणजे कुणी?"

"ते मी कसं सांगू?" तो हसला आणि स्वतःचा पेला भरू लागला.

पेर्लाकाकूचं घर ओलेगारिओंच्या घराला चिकटून, मधे एकच भिंत. नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनीवर ती राहत होती. "माझ्या पेन्शनीत महिन्याचे शेवटचे दिवस मावत नाहीत," ती म्हणायची. तिने वॉशिंग्टनच्या हातात पेला दिला. संत्र्याची साल आणि साखर घातलेला. साखरेच्या भांड्यापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"गोड!" वॉशिंग्टनच्या तोंडून निघालं.

"मग काय कडू देऊ? कडू नशिबात आहेच की. प्या मुकाट्याने, पोलीसबुवा."

"गुरुवारी दुपारी काही ऐकू आलं?" निबियाने विचारलं.

"भिंत कसली, पापुद्रा आहे तो. पण मी पुऱ्या तळत होते, तेल चरचरत होतं. नुसती कुजबुज ऐकू आली. दुसरा आवाज कोण होता की नव्हता, देव जाणे. पण एक शब्द अगदी स्पष्ट ऐकला. ओलेगारिओचाच आवाज. 'आभार.' आणि लगेच दार. असं आपटलं की माझ्या ताटल्या वाजल्या."

"आधी आभार, मग दार?"

"आधी आभार. मी म्हटलं, अरे वा, म्हाताऱ्याला म्हातारपणी रीतभात सुचली!" पेर्लाकाकू हसली आणि त्याच दमात तिचे डोळे भरले. "मी उठून बघायला हवं होतं गं, सुल्मा. पुऱ्या जळतील म्हणून नाही उठले."

सुल्माने तिचा हात हातात घेतला.

"काकू, पोट बिघडलं तर तुम्ही काय घेता?" निबियाचा हा प्रश्न इतका आडवा आला की वॉशिंग्टननेही वर पाहिलं.

"मार्सेलाची फुलं, आणखी काय? पण यंदा माझ्याकडे नाहीत. गुड फ्रायडेला सूर्य उगवायच्या आत टेकडीवर जाऊन खुडावी लागतात, नाहीतर गुण नाही. या गुडघ्यांनी टेकडी चढू की जिना?"

रस्त्यावर आल्यावर सुल्मा थांबली. "म्हणजे एल्बिओकाका खरं बोलत होते. बाबांनी आभार मानले. काकूने ऐकलं."

"वडिलांनी कधी तुमचे आभार मानलेत?"

"नाही."

"तुम्ही त्यांचे?"

"नाही. आमच्या घरात तो शब्द पेल्यापुरताच होता."

"लक्षात ठेवा हे वाक्य," निबिया म्हणाली. "उद्या मला लागेल."

संघटनेच्या सभागृहात एल्बिओ रोसेल खुर्च्या मांडत होते. सुल्माला पाहताच त्यांनी तिला कवटाळलं आणि खरंच रडले. मग सगळ्यांना बसवून माते भरायला घेतला. उजव्या हाताने येर्बा हलवली, डोंगर रचला, खिशातून एक चपटी डबी काढून चिमूटभर काहीतरी टाकलं. पहिला पेला स्वतः ओढला, कारण पहिला आणि वाईट पेला भरणाऱ्याचाच असतो. दुसरा वॉशिंग्टनला.

"काय घातलंत?" वॉशिंग्टनने विचारलं. "मधासारखं लागतंय, आणि कडूही."

"पोटाला बरं असतं, बाबा. संघटना चालवायची म्हणजे पोटात आग. निबियाबाई, तुम्ही?"

"मला बंदी आहे. फोनवर ओलेगारिओंचा आवाज कसा होता?"

"ठणठणीत! बैलासारखा माणूस. मला तर शुक्रवारी कळलं तेव्हा विश्वासच बसेना."

"आणि तडजोडीला ते लगेच तयार झाले?"

"आधी थोडी कुरबुर. मग म्हणाला, आभार. बस्, तेवढंच." एल्बिओंनी सुल्माच्या डोक्यावर हात ठेवला. "दमला होता गं तो. तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीशी रोज भांडून माणूस दमतोच. मी त्याचं ओझं उतरवलं, एवढंच."

सुल्मा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मीच दमवलं त्यांना?"

"उद्या सभेच्या आधी या," निबिया म्हणाली. "पेला घेऊन या."

रविवारी सभागृह लोकांनी फुलून गेलं होतं. सभा सुरू व्हायच्या आधी निबियाने मागच्या खोलीत पाच माणसं गोळा केली: सुल्मा, पेर्लाकाकू, लुसिच, एल्बिओ आणि अर्थात वॉशिंग्टन. टेबलावर ओलेगारिओंचा पेला होता.

"मी माते पीत नाही," निबियाने सुरुवात केली. "म्हणून पिणाऱ्यांच्या हातांकडे माझं लक्ष जातं. तुम्ही सगळे जे न बघता करता, ते मला बघावं लागतं.

"ही येर्बा ताजी आहे. एकट्या माणसाने ती भरली नसती, म्हणजे पाहुणा होता. कोण? लुसिच गेले तेव्हा पेल्यात उतरलेली येर्बा होती. त्यांना उंबरा ओलांडू दिला नाही, आणि ते दुसऱ्याच्या नळीला तोंडही लावत नाहीत. म्हणजे नवी येर्बा त्यांच्यानंतर भरली गेली. पेर्लाकाकू? त्या साखरेशिवाय भरत नाहीत. मुंग्यांनी भरलेल्या घरात या पेल्याला दोन दिवस एक मुंगी लागली नाही."

"देवा, माझ्यावर पण संशय होता?" पेर्लाकाकू म्हणाली.

"सगळ्यांवरच होता. आता बिल्ला बघा. ओलेगारिओ डावरे होते, त्यांचा डोंगर उजवीकडे असायचा. हा डावीकडे आहे, उजव्या हाताने भरणाऱ्याचा. थर्मास टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, त्यांच्या हाताबाहेर. म्हणजे येर्बा भरली पाहुण्याने, आणि पाणीही पाहुण्यानेच सोडलं. ओलेगारिओंच्या घरात, ओलेगारिओंच्या पेल्यात! बायकोलाही हात लावू न देणाऱ्या माणसाने हे का चालवून घेतलं?"

उत्तर दिलं ते सुल्माने. "त्यांचा डावा हात."

"हो. सकाळी तो खांदा दुखत होता. लुसिच आले तेव्हा हात चालत होता. पाहुणा आला तेव्हा तो उचलेना. शुक्रवारी तुम्हाला तो मांडीवर ठेवलेला दिसला. पोटात सकाळपासून जड होतं. पाहुण्याने ते ऐकलं आणि येर्बात पोटाचं औषध घातलं." तिने ती पिवळी फुलं तळहातावर घेतली. "मार्सेला. ओलेगारिओ असलं काही घरात ठेवत नसत. काकूंकडे यंदा नाही. वॉशिंग्टन, काल या सभागृहात तू काय प्यायलास?"

वॉशिंग्टनने फुलं हुंगली आणि त्याचा जबडा खाली आला. "तोच वास! मधासारखा! पण बाई, मग तो फोन?"

"फोनवरून माते भरता येतो का रे?"

एल्बिओंचा हात नकळत खिशावर गेला. "गावभर आहे मार्सेला," ते म्हणाले. "आणि पेर्लाने स्वतः ऐकलंय. त्याने आभार मानले. फोनवर मानले."

"फोनवर आभार मानून कुणी दार आपटत नाही, एल्बिओ. दार आपटतो तो निघून जाणारा. आणि तो शब्द तुम्ही खोटा सांगितलात असं मी म्हणतच नाही. तो खरा आहे, म्हणूनच मला तुम्ही सापडलात." निबियाने पेला उचलला. "सुल्मा, कालचं वाक्य."

"आमच्या घरात तो शब्द पेल्यापुरताच होता," सुल्मा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला समजलं. "आणि तो भरणारा म्हणत नाही. पिणारा म्हणतो. बाबा आयुष्यभर भरणारे होते."

"त्या दिवशी ते पिणारे होते. समोर बसून तुम्ही भरत होता, एल्बिओ, आणि पटवत होता. एक पेला, एक कारण. त्यांनी पेला परत दिला आणि म्हणाले, 'आभार.' पायसांदूतलं शेंबडं पोरही सांगेल त्याचा अर्थ काय. तुम्हालाही तेव्हा कळला होता, नाहीतर ताटल्या वाजल्या नसत्या. स्मशानात जाईपर्यंत तुम्ही फक्त त्याचा अर्थ बदलून आणलात."

लुसिचने चष्मा पुसायला घेतला. "मंडळावर निवृत्तांचा प्रतिनिधी म्हणून मी यांचं नाव सुचवणार होतो," तो हळूच म्हणाला. "संघटना नरमली तर. ओलेगारिओंच्या घरी यांनी काय केलं ते मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो."

एल्बिओ खुर्चीत खचले.

"मला वाटलं, गॅस आहे," ते म्हणाले. "मी काय डॉक्टर आहे? तो म्हणाला, हात जड झालाय, आज तूच भर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला. मला आनंद झाला, मूर्खासारखा. वाटलं, आज ऐकेल. मी त्याला सांगत होतो, हरलो तर काहीच उरणार नाही, निदान एक खुर्ची मिळवू, आत बसून भांडू. आणि त्याने दुसऱ्याच पेल्याला मला 'आभार' म्हटलं! मला! रेल्वे बंद पडली तेव्हा ज्याच्याबरोबर मी रुळांवर झोपलो, त्याने मला फेरीवाल्यासारखं वाटेला लावलं."

"त्यांचा चेहरा कसा होता?" सुल्माने विचारलं.

एल्बिओंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"काका, चेहरा कसा होता?"

"राखेसारखा," एल्बिओ म्हणाले. "दारातून दिसला मला. मी रागात होतो. वाटलं, घरी जाऊन फोन करीन. मग वाटलं, आधी त्याने करावा."

"फोन भिंतीवर होता. तुमच्या पाठीमागे," सुल्मा म्हणाली. "तिथूनच डॉक्टरांना बोलावता आलं असतं."

"माहीत आहे मला."

पेर्लाकाकूने तोंडावर पदरासारखी शाल ओढली. वॉशिंग्टन खाली मान घालून उभा होता.

"संकटातल्या माणसाला मदत न करता टाकून जाणं हा गुन्हा आहे," निबिया सुल्माला म्हणाली. "सिद्ध करणं सोपं नाही. तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवायचं."

"उद्या सकाळी करणार," सुल्मा म्हणाली. आवाज चढला नाही. "पेला तोवर तुमच्याकडे ठेवा. पण आधी आजचं काम."

बाहेर कुणीतरी ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली. 'संघटनेच्या वतीने एल्बिओ रोसेल...' एल्बिओ उठले नाहीत. सुल्मा उठली.

व्यासपीठावर तिला पाहून कुजबुज झाली. 'नाही'वाली आहे ही. वडिलांच्या जागी कशी?

"मी काय मत देणार हे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. "अजून तरी माझं मत बदललेलं नाही. मला अजूनही वाटतं, थर्मासमधलं पाणी संपत आलंय, आणि शेवटी बसलेल्यांबद्दल कुणी बोलत नाही. पण ही वेळ माझी नाही, माझ्या वडिलांची आहे. इथे सांगितलं गेलं की ते वाकले. ते वाकले नाहीत. तडजोडीला त्यांनी जे उत्तर दिलं तो शब्द होता 'आभार', आणि तो त्यांनी पेला परत देताना उच्चारला."

मागच्या रांगेतला एक म्हातारा हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि ते हसू रांगेरांगेने पुढे येत टाळ्यांत बदललं. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही.

"गुरुवारी सकाळी त्यांना मी हेच पाण्याचं विचारलं होतं," टाळ्या थांबल्यावर ती म्हणाली. "ते म्हणाले, पाणी संपलं तर उठून तापवायचं, पेला फोडायचा नाही. कसं तापवायचं, किती लाकूड लागेल, कुणी आणायचं, हे आम्ही बोलायला हवं होतं. मला तास होता. लुसिच, आता तुम्ही बोला. नीट बोला, मी ऐकणार आहे, आणि मग तुम्हाला उलटे प्रश्नही विचारणार आहे."

ती वडिलांच्या खुर्चीत बसली. लुसिचने कागद पुढे ओढले.

पेर्लाकाकू व्यासपीठाच्या कडेला येऊन बसली. संघटनेचा जुना पेला तिने मांडीवर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा साखर न घालता भरला. पहिला स्वतः ओढला, तोंड वेडंवाकडं केलं. दुसरा भरून सुल्माकडे दिला.

सुल्माने तो ओढला, तळाशी नळी गुरगुरेपर्यंत. मग परत पुढे केला. पेर्लाकाकू तिच्या तोंडाकडे बघत हात पुढे करून थांबली.

गप्प राहिली असती तरी तो भरून मिळालाच असता.

"अजून एक, बाबा," सुल्मा मोठ्याने म्हणाली.